शरीराला विचारून आणि शरीराला न विचारता : हिपॅटायटिस सीच्या उपचारांची गोष्ट



मागच्या भागाखाली फरिदाबादच्या एका ताईंचा प्रश्न आला होता. त्यांच्या वडिलांना हिपॅटायटिस सी होता. सरकारी योजनेतून बारा आठवडे गोळ्या मिळाल्या, बाबांनी एकही दिवस न चुकवता घेतल्या. नंतरच्या तपासणीत विषाणू सापडला नाही, डॉक्टर म्हणाले, बरे झालात. घरात पेढे वाटले. पुढच्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तर अहवालात पुन्हा 'पॉझिटिव्ह'. ताई विचारतात, "दादा, बाबा बरे झाले की नाही? आणि झाले असतील तर हा कागद काय सांगतोय?"

ताई, काळजी आधी दूर करतो. बारा आठवड्यांनंतरच्या तपासणीत विषाणू नव्हता ना? मग बाबा बरे झाले. हा कागद आजाराविषयी बोलत नाही, बाबांच्या शरीराच्या आठवणीविषयी बोलतोय. पण 'आठवण आहे' म्हणजे 'संरक्षण आहे' असं मात्र नाही. हा फरक समजून घ्यायचा तर थोडं मागे जावं लागेल. एका रोगावर दोन तऱ्हेचे उपचार कसे आले, एक शरीराला विचारून आणि दुसरा शरीराला न विचारता, ती ही गोष्ट आहे. सुरुवात दिल्लीतूनच करू.

यमुना उलटी फिरली तेव्हा

१९५५ च्या पावसाळ्यात यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरला तेव्हा नदीचं पात्र सरकलेलं होतं. वझिराबादला दिल्लीसाठी पाणी उचललं जायचं आणि नजफगडचा नाला त्याच परिसरात नदीला मिळायचा. नोव्हेंबरात नाल्याचं सांडपाणी उलट दिशेने पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचलं. जलकेंद्रातल्या लोकांना हे कळलं, त्यांनी क्लोरीन वाढवलं. त्यामुळे जिवाणू मेले आणि टायफॉइडची साथ आली नाही. पण डिसेंबर उजाडला आणि घराघरांत डोळे पिवळे दिसू लागले. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. गरोदर बायांचे हाल सगळ्यांत वाईट झाले.

क्लोरीनला पुरून उरलेलं हे होतं काय? त्या वेळी समजूत अशी की पाण्यातून येणारी ती 'ए' कावीळ. पुढे पंचवीस वर्षांनी, १९८० मध्ये, त्या साथीतले जपून ठेवलेले रक्ताचे नमुने अहमदाबाद आणि पुण्याच्या नमुन्यांबरोबर नव्या चाचणीने तपासले गेले. त्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या खोर्शेद पावरी आणि त्यांचे सहकारी होते, अमेरिकेचे रॉबर्ट परसेल होते. निकाल आला : ही 'ए' नाही, 'बी'ही नाही. त्याच वर्षी काश्मीरच्या साथीचा अभ्यास करून डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनीही हेच मांडलं.

'ए नाही, बी नाही' हे नाव ऐकायला विचित्र वाटतं. पण वैद्यकशास्त्राचा प्रामाणिकपणा त्यात आहे. काय आहे ते माहीत नाही, काय नाही तेवढं माहीत आहे. पुढे कळलं की या एकाच नावाखाली दोन वेगळे चोर लपलेले आहेत. एक पाण्यातून येणारा, दिल्लीच्या साथीतला; त्याला आज आपण हिपॅटायटिस ई म्हणतो. तो येतो, गोंधळ घालतो आणि बहुतेकांना सोडून निघून जातो. दुसरा रक्तातून येणारा. तो गाजावाजा न करता शिरतो आणि वीस-तीस वर्षं मुक्काम ठोकतो. आजची गोष्ट या दुसऱ्याची.

चोर दाखवला तो शरीरानेच

रक्तातून येणाऱ्या या चोराचा पहिला सुगावा अमेरिकेतल्या बेथेस्डाच्या रक्तपेढीत लागला. हार्वी ऑल्टर तिथे रक्त चढवलेल्या रुग्णांचे नमुने वर्षानुवर्षं गोठवून ठेवत होते. १९७५ मध्ये त्यांच्या चमूने दाखवलं की रक्त चढवल्यावर होणारी बरीचशी कावीळ ना ए आहे, ना बी. पण विषाणू काही दिसेना आणि प्रयोगशाळेत वाढेना.

तो सापडला १९८९ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या कायरॉन या कंपनीत. मायकेल हॉटन, क्वि-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी, डॅनियल ब्रॅडली यांच्याबरोबर, वेगळीच युक्ती केली. संसर्ग झालेल्या चिंपांझीच्या रक्तातून जनुकीय तुकड्यांचा प्रचंड मोठा साठा तयार केला. त्या तुकड्यांपासून बनलेल्या प्रथिनांवर एका रुग्णाचं रक्त सोडलं. कल्पना अशी की विषाणू आपल्याला दिसत नसला, तरी रुग्णाच्या शरीराने तो पाहिलेला आहे. त्याच्या रक्तातल्या अँटिबॉडी बरोबर त्याच तुकड्याला चिकटतील. लाखो तुकड्यांमधून एक तुकडा असा निघाला. तोच हिपॅटायटिस सीचा.

म्हणजे साक्षीदारानेच चोर ओळखला. आणि ताई, तुमच्या बाबांच्या अहवालात जे 'पॉझिटिव्ह' आलं, ती चाचणी याच साक्षीवर उभी आहे. ती विषाणू शोधत नाही, शरीराने त्याला पाहिल्याची खूण शोधते. चोर गेला तरी साक्षीदाराच्या मनातला चेहरा राहतोच. हा धागा हातात ठेवा, शेवटी लागणार आहे.

चाचणी हाती आली तरी ती वापरात यायला वेळ गेला. आपल्याकडे तेव्हा पैसे घेऊन रक्त देणारे धंदेवाईक रक्तदाते सर्रास होते. दिल्लीच्या 'कॉमन कॉज' संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला आणि १९९८ पासून ही प्रथा बंद झाली. प्रत्येक पिशवीची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी सक्तीची झाली ती २००१-०२ च्या सुमारास. त्याआधी थॅलेसेमियाच्या मुलांना, बाळंतपणात रक्त लागलेल्या बायांना, डायलिसिसवरच्या रुग्णांना जे रक्त मिळालं, त्यात कधी काय आलं हे कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यात दिल्लीच्या भोवतालच्या हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात तापाला, अंगदुखीला, कशालाही 'सुई मारून घ्यायची' सवय. एकच सुई अनेकांना. एम्स, जी. बी. पंत, लोकनायक आणि नंतर वसंत कुंजातली डॉ. शिवकुमार सरीन यांची यकृत व पित्तविज्ञान संस्था इथल्या रांगांमध्ये आजही असे रुग्ण भेटतात. संसर्ग तरुणपणी झालेला, समजलं मात्र साठीत.

पहिला उपचार : शरीराला विचारून

आता उपचाराकडे वळू. इथे इतिहासाने एक गंमत केली आहे. औषध आधी आलं, विषाणू नंतर सापडला.

१९५७ मध्ये लंडनच्या मिल हिलमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि झां लिंडेनमन कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर फ्लूच्या मेलेल्या विषाणूंचे प्रयोग करत होते. त्यांना दिसलं की पेशी एक पदार्थ बाहेर सोडतात आणि त्यामुळे शेजारच्या पेशी विषाणूला दाद देत नाहीत. त्यांनी नाव दिलं इंटरफेरॉन. इंटरफेरॉन स्वतः विषाणूला मारत नाही. तो गावात दवंडी पिटतो : दरवाजे लावून घ्या, दरोडेखोर आलेत. मग पेशींमधली शेकडो जनुकं जागी होतात आणि विषाणूची वाट अडवतात.

१९८६ मध्ये जे हूफनेगल यांनी 'ए नाही, बी नाही' कावीळ असलेल्या दहा रुग्णांना इंटरफेरॉनची इंजेक्शनं दिली. विषाणूचं नाव माहीत नव्हतं, मोजायची सोय नव्हती. यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम तेवढं मोजता येत होतं. दहापैकी आठ जणांचं ते झपाट्याने खाली आलं. अंधारात मारलेला दगड बरोबर लागला होता.

पण पुढची पंधरा-वीस वर्षं सोपी नव्हती. नुसत्या इंटरफेरॉनने कायमचे बरे होणारे थोडेच. १९९८ मध्ये जोडीला रिबाव्हिरिनच्या गोळ्या आल्या. मग आठवड्यातून एकदाच घ्यायचं, शरीरात जास्त टिकणारं पेगिलेटेड इंटरफेरॉन आलं. तेव्हा चाचण्यांमधले निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण बरे होऊ लागले. उत्तर भारतात या विषाणूचा तिसरा प्रकार जास्त. तो इंटरफेरॉनला त्या मानाने लवकर दबायचा, त्यामुळे आपल्याकडचे निकाल बरे असायचे. पण त्यासाठी चोवीस आठवडे, पहिल्या प्रकाराला अठ्ठेचाळीस. इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवायचं, दिल्लीच्या मे महिन्यात बर्फाच्या डब्यातून न्यायचं. टोचलं की रात्रभर फ्लूसारखा ताप. केस गळायचे, रक्त कमी व्हायचं. कित्येकांना इतकं नैराश्य यायचं की उपचार अर्ध्यावर सोडावे लागायचे. खर्च लाखांच्या घरात. शेत विकून सुया घेतल्या आणि सहा महिन्यांनी विषाणू परत आला, अशी घरं त्या काळात कमी नव्हती.

आणि सगळ्यांत छळणारा प्रश्न हा की एकाच औषधाने शेजारचा बरा होतो, मी का नाही?

आधीच ओरडत असलेलं गाव

उत्तर शोधायला संशोधकांनी यकृताचा बारीकसा तुकडा काढून उपचाराआधीच तपासला. अपेक्षा होती की ज्यांना औषध लागू पडत नाही त्यांची प्रतिकारशक्ती झोपलेली असेल. निघालं उलटंच. २००५ नंतर टोरांटो आणि बाझेलच्या अभ्यासांत दिसलं की ज्यांना औषध लागू पडत नाही, त्यांच्या यकृतात इंटरफेरॉनने जागी होणारी जनुकं आधीपासूनच जागी असतात. गावात दवंडी अखंड चालूच आहे, लोकांना तिची सवय झाली आहे. त्यात तुम्ही बाहेरून आणखी एक ढोल आणून वाजवला तर कोण लक्ष देणार? ज्यांचं यकृत उपचाराआधी शांत होतं, तेच हाकेला ओ देत.

मग २००९ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि जपान इथल्या तीन गटांनी, तिघांनीही स्वतंत्रपणे, एकच गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या गुणसूत्रावर एका ठिकाणी एका अक्षराचा फरक आहे आणि इंटरफेरॉन लागू पडणार की नाही याचा बराचसा अंदाज त्यावरून बांधता येतो. २०१३ मध्ये कारणाचा आणखी एक पदर उलगडला. त्याच भागात लॅम्डा-४ नावाच्या एका इंटरफेरॉनचं जनुक आहे. ज्यांना तो बनवता येत नाही, तेच लोक विषाणूवर जास्त वेळा मात करतात! विषाणूविरोधी हत्यार नसलेलेच जिंकतात. याचा पूर्ण उलगडा अजून व्हायचा आहे.

विषाणू काय करत होता तेही याच काळात कळलं. आपल्या पेशीत विषाणू शिरला की धोक्याची घंटा वाजवणारं एक प्रथिन असतं. हिपॅटायटिस सीचं एक एन्झाइम ते प्रथिन कापून टाकतं. चोराने घरात शिरतानाच घंटेची तार तोडावी तसं. वर तो आपली प्रत काढताना सतत चुका करतो, म्हणजे रूप बदलत राहतो. त्याच्या मागे धावून मारेकरी टी पेशी थकतात. त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाचा ब्रेक उगवतो. पेशी मेलेल्या नसतात, पण लढतही नाहीत. शंभरातल्या तीसएक जणांचं शरीर पहिल्या सहा महिन्यांत विषाणूला स्वतःच हाकलतं. उरलेल्यांच्या शरीरात ही थकलेली लढाई वर्षानुवर्षं चालते आणि त्यात यकृत जखमा होऊन होऊन कडक होतं. यकृताचं बरंचसं नुकसान विषाणू थेट करत नाही, न संपणारी ही लढाई करते.

दुसरा उपचार : शरीराला न विचारता

मग शास्त्रज्ञांनी दुसरा रस्ता धरला. गावाला जागं करायच्या फंदात पडायचं नाही, थेट चोराचे हात बांधायचे. विषाणू आपली प्रत काढतो ते यंत्रच बंद पाडायचं. यातून आलेली मोठी गोळी म्हणजे सोफोसबुव्हिर. न्यूझीलंडमधल्या एका चाचणीत दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारच्या दहा रुग्णांना इंटरफेरॉनशिवाय, फक्त सोफोसबुव्हिर आणि रिबाव्हिरिन, बारा आठवडे दिलं. दहाच्या दहा बरे झाले. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत परवानगी मिळाली. किंमत एका गोळीला हजार डॉलर, पूर्ण उपचाराला ८४ हजार.

इथे गोष्ट पुन्हा दिल्लीत येते. सप्टेंबर २०१४ मध्ये गिलियड कंपनीने सिप्लासह सात भारतीय कंपन्यांना हे औषध बनवायचा परवाना दिला. जानेवारी २०१५ मध्ये दिल्लीच्या पेटंट कार्यालयाने गिलियडचा अर्ज फेटाळला, त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेरविचाराला परत पाठवला आणि मे २०१६ मध्ये पेटंट मंजूर झालं. या ओढाताणीच्या मधल्या काळात भारतीय कंपन्यांची औषधं बाजारात आली होती. मार्च २०१५ मध्ये नॅटकोची २८ गोळ्यांची बाटली १९,९०० रुपयांना आली. मग स्पर्धेने भाव उतरतच गेला. २८ जुलै २०१८ ला, जागतिक हिपॅटायटिस दिनी, राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तपासणी फुकट, गोळ्या फुकट. यकृत कडक झालेलं नसेल तर सोफोसबुव्हिर आणि डक्लाटासव्हिर, बारा आठवडे. यकृत कडक झालं असेल पण अजून काम करत असेल, तर सोफोसबुव्हिर आणि वेल्पाटासव्हिर. इतिहासाचा उलटा फेरा पाहा : इंटरफेरॉनला लवकर दबणारा आपला तिसरा प्रकार नव्या गोळ्यांना मात्र जरा चिवट ठरला. तरीही शंभरातले नव्वदहून अधिक बरे होतात.

लढाई संपल्यावर

आता मूळ मुद्दा. शरीराला न विचारता चोर पकडला. मग शरीराचं काय झालं?

पहिली गोष्ट, गाव शांत झालं. गोळ्या सुरू झाल्यावर विषाणू घटतो, तशी यकृतातली ती अखंड दवंडी थांबते. टी पेशीही सावरतात. २०१४ मध्ये जर्मनीतल्या हानोफरच्या संशोधकांनी दाखवलं की बऱ्याच रुग्णांत त्या पुन्हा वाढू लागतात. गोळ्या संपल्या त्या दिवशी रक्तात थोडा विषाणू दिसत असूनही काही रुग्ण पुढे बरे झाले. म्हणजे शेवटचा झाडू शरीरानेच मारला असावा, असं अनेकांना वाटतं.

दुसरी गोष्ट, सावरणं अर्धवट आहे. २०२१ मध्ये जर्मनी आणि अमेरिकेतल्या गटांनी या पेशींच्या आतली रचना पाहिली. विषाणू जाऊन महिने लोटले तरी थकव्याच्या खुणा जनुकांच्या मांडणीत तशाच होत्या. व्रण भरला, वण राहिला. म्हणून गोळ्यांनी बरा झालेला माणूस पुन्हा दूषित सुईच्या वाटेला गेला तर त्याला पुन्हा संसर्ग होऊ शकतो. कांजिण्यांसारखं 'एकदा झालं, सुटलो' इथे नाही. लसही नाही, २०२१ मध्येच एका लशीच्या चाचणीचा निकाल आला, तिने जुनाट संसर्ग रोखला नाही.

तिसरी गोष्ट, एक धोका. एकाच माणसाला बी आणि सी दोन्ही असतील तर सीच्या गडबडीत बी दबून बसलेला असतो. सी गेला की बी डोकं वर काढतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने ऑक्टोबर २०१६ मध्ये याबद्दल ठळक इशारा दिला. म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी बीची तपासणी करतात. ती टाळू नका.

ताईंच्या कागदाकडे परत

तर ताई, बाबांच्या अहवालातला 'पॉझिटिव्ह' म्हणजे साक्षीदाराची आठवण. ती बहुधा जन्मभर राहील. पुढे कुठलंही ऑपरेशन असेल तेव्हा तो कागद आणि विषाणू न सापडल्याचा अहवाल असे दोन्ही एकत्र दाखवा. कुणी शंका घेतली तर अँटिबॉडीची नाही, विषाणू मोजायची चाचणी करायला सांगा. तो अहवाल फाइलमध्ये सगळ्यांत वर लावा. नोकरीच्या तपासणीत, दवाखान्यात, लग्नाच्या बोलणीतसुद्धा या एका शब्दावरून माणसांना नाकारलं जातं आणि ते अडाणीपणाचं आहे.

पण ही आठवण ढाल नाही. म्हणून सुई नवी आहे ना ते पाहायचं, दाढीचं ब्लेड दुसऱ्याचं वापरायचं नाही, गरज नसताना इंजेक्शन मागायचं नाही. बाबांचं यकृत आधीच कडक झालं असेल, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवा. विषाणू गेला तरी कर्करोगाचा धोका पूर्ण जात नाही.

इंटरफेरॉनच्या काळात आपण शरीराला विनवत होतो आणि ते ऐकेलच याचा भरवसा नव्हता. आज गोळी शरीराला विचारत नाही, म्हणून जवळजवळ सगळे बरे होतात. पण शरीराला न विचारता मिळालेल्या विजयाची राखण शरीर एकटं करू शकत नाही, ती आपल्याला करावी लागते. सत्तर वर्षांपूर्वी दिल्लीने नाल्याजवळून पाणी उचललं, त्याची किंमत मोजली. स्वच्छ पाणी आणि स्वच्छ सुई यांना पर्याय तेव्हाही नव्हता, आजही नाही.

पुढच्या भागात भेटूच. तोवर घरातल्या साठीपुढच्या माणसांची ही एक तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयात ती फुकट होते.

नमस्कार.